हळद लागलेलं लॉक

आमच्या दुकानात खंडेनवमीची पूजा आप्पा करतात. आप्पा म्हणजे माझे वडील. दुकान माझ्या नावावर, कॉम्प्युटर मी चालवतो, लग्नपत्रिका मी जुळवतो, पण ताम्हण हातात घ्यायचं काम त्यांचं. त्यात मी कधी लुडबुड करत नाही.

आप्पा जुने जुळारी. नंदुरबारातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. तिथे रीत अशी होती की नवमीच्या आधी सगळे खिळे रॉकेलने धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि मगच पूजेला मांडायचे. शाईने बरबटलेल्या खिळ्याला हळद लावायची नाही, हे आप्पांचं मत अजून पक्कं आहे. पुढे खिळे गेले, छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं, धुण्याची सवय तेवढी राहिली. कटिंग मशीन, लॅमिनेशन मशीन, स्टेपलर, लोखंडी पट्टी, नवमीला सगळं लख्ख. कीबोर्डची बटणंसुद्धा ते ओल्या फडक्याने एकेक करून पुसतात आणि मी शेजारी दातओठ खात उभा असतो.

आता लॉकबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मराठी अक्षरजुळणीचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरायचो, ते नुसतं विकत घेऊन चालत नसे. कंपनी त्याच्याबरोबर बोटाच्या पेराएवढी एक वस्तू द्यायची. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचायची. ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. कोणी फुकटात उतरवून घेऊ नये म्हणून ही तजवीज. आमच्या धंद्यात तिला लॉक म्हणतात. लॉक हरवलं तर कंपनी दुसरं देत नाही, सगळं पहिल्यापासून विकत घ्या म्हणते. गिऱ्हाइकाने कधी उत्सुकतेने विचारलं, की मी ते काढून दाखवायचो आणि म्हणायचो, "हे गेलं की दुकान गेलं." आप्पा काउंटरवर बसून ते ऐकत असत.

गावात बहुतेकांकडे हे लॉक नाही. त्यांच्याकडे तोडलेली कॉपी आहे, म्हणजे कोणीतरी हुशारीने लॉकची अटच काढून टाकलेली आणि पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे फिरलेली. आमच्याकडे खरं आलं ते आप्पांच्या हट्टामुळे. खिळे फाउंड्रीतून वजनावर विकत यायचे, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. अक्षर म्हणजे विकत घ्यायची वस्तू. मी पेनड्राइव्हचा विषय काढला होता तेव्हा ते म्हणाले होते, "वापरनं शे तं इकत ली वापर. चोरेल खिळा लीसन कोनं लगीन छापू का?" चोरलेल्या खिळ्याने कोणाचं लग्न छापायचं का, म्हटल्यावर विषय संपला. घेतलं.

त्या नवमीला मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर ताम्हणात पाणी, पाण्यात लॉक. आप्पा अंगठ्याने ते चोळत होते, देवाच्या टाकाला आंघोळ घालावी तसं. माझा चेहरा पाहून त्यांनी मला धीर दिला.

"साबन लायेल नही. नुसतं पानी शे."

खिळ्यांची जागा आता या लॉकने घेतली आहे, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं होतं. त्यांच्या हिशेबाने बरोबरच होतं. माझ्याच तोंडचं वाक्य त्यांनी खरं मानलं होतं. त्यांनी उपरण्याने लॉक पुसलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी ठेवली. पूजेच्या वेळी चिडचिड करायची नाही म्हणून मी उदबत्ती लावली. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा सरेपर्यंत हलवत नाहीत, त्यामुळे लॉक तिथेच राहिलं. तेवढ्यात वाळेल, असं मी स्वतःला समजावलं.

दसरा झाला. मी टेबलाखाली शिरलो, कॉम्प्युटरच्या मागे लॉक खोचलं. त्याचा बारीकसा लाल दिवा लागला. हुश्श करून बाहेर आलो, खुर्चीवर बसलो आणि पडद्यावर पाटी आली: लॉक सापडलं नाही.

पुन्हा टेबलाखाली. दिवा चालू. पुन्हा वर. सापडलं नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, लॉक दुसऱ्या खाचेत घातलं, फुंकर मारली, लॅमिनेशन मशीनच्या कोमट पाठीवर शेकलं. खाली दिवा आणि वर पाटी. बत्ती जळतेय आणि दारावर मात्र घरात कोणी नाही असं लिहिलंय, तसा प्रकार. यातलं खरं काय मानायचं ते मला कळेना.

आप्पा काउंटरवर बसून हे सगळं बघत होते. टेबलाखाली वाकणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही, त्यामुळे दिवा त्यांना दिसला नाही. दिसली ती पाटी.

"मन्हाघाई व्हयनं का?" त्यांनी विचारलं. माझ्यामुळे झालं का.

"नाही हो. असं होतं कधीकधी," मी म्हणालो. असं कधीच झालं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हा कोरीटचं काम अडकलेलं. कोरीट गावचे एक शेतकरी, कापूस आणि केळीवाले, त्यांच्या घरच्या सगळ्या पत्रिका आमच्याकडेच होतात. अर्धे पाहुणे गुजरातेतले, अर्धे इकडचे, आणि खाली भाऊबंदांची नावं इतकी की नवरा-नवरी वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतात. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं. पत्रिका जुळवून तयार होती, फक्त एका चुलत्यांचं नाव दुसऱ्या चुलत्यांच्या वर न्यायचं होतं. हे नाव वर गेलं नाही तर ते चुलते लग्नाला येणार नव्हते, असं स्वच्छ सांगण्यात आलं होतं. आणि पत्रिका त्या सॉफ्टवेअरच्या आत. ते बंद असताना ती फाइल बाहेर उघडली की अक्षरांची खिचडी दिसते, एक नाव वाचता येत नाही. आमच्या सगळ्या जुन्या पत्रिका, सगळ्या घरांची नावं, आप्पांनी चष्मा लावून तपासलेली, तिथेच आत होती.

समोरचा झेरॉक्सवाला गंमत बघायला आला. त्याच्याकडे तोडलेली कॉपी. त्याने माझं लॉक हातात घेऊन उलटंपालटं केलं, नखाने हळद खरवडली.

"तुन्हाकडे पावती शे भाऊ," तो म्हणाला, "आनि मन्हाकडे चाली ऱ्हायनं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पेनड्राइव्ह दिऊ का?"

मी आप्पांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. मी नको म्हणालो, आणि का नको म्हणालो हे त्या क्षणी मलाच नीट सांगता आलं नसतं. पैसे मोजणारा दाराबाहेर उभा आणि न मोजणारा आत बसून लग्नं छापतोय. चोरांसाठी केलेलं कुलूप फक्त मलाच लागलं होतं.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक बाई आल्या. आवाज गोड, मराठी एकदम स्वच्छ. त्यांनी लॉकच्या पोटावरच्या नंबराचा फोटो मागितला. पाठवला.

"सर, नंबर पिवळा दिसतोय, वाचता येत नाही. काय लागलंय त्याला?"

"हळद."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली, हळद टाइप केली असावी. मग म्हणाल्या, पुसून पुन्हा पाठवा. मी दात कोरायच्या काडीने आकड्यांतली हळद काढली, पुन्हा फोटो पाठवला. मी दिव्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवा लागणं म्हणजे वीज पोचते एवढंच, आतलं चांगलं आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"लॉकला पाणी वगैरे लागलं होतं का, सर? पाणी लागलेलं असेल तर आम्ही बदलून देत नाही."

आप्पा माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले. मी म्हणालो, "नाही, पाणी नाही लागलं."

"लागेल शे," आप्पा काउंटरवरून खणखणीत आवाजात म्हणाले. "मीच धोयं ते."

"मागे कोण बोलतंय, सर?"

"वडील आहेत."

"काय म्हणतायत?"

"चहा आलाय म्हणतायत," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, तक्रार नोंदवून घेतली आहे, उत्तर येईल. मी फोन ठेवला. आप्पांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. घरी विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतो. गुडघा कित्येक वर्षं दुखतोय, त्यासाठी त्यांनी कधी दुकान सोडलं नव्हतं.

मला वाईट वाटत होतं, आणि राग कोणावर काढायचा तेही समजत नव्हतं. आप्पांवर काढावा तर त्यांनी त्या लॉकला जेवढा मान दिला तेवढा त्या कंपनीनेही दिला नसेल. कंपनीवर काढावा तर दर वेळी फोनवर वेगळंच माणूस, आणि प्रत्येक जण इतका अदबीने बोलणारा की शिवी ओठांवर येऊन परत जाते.

उत्तर आलं ते एका पुरुषाच्या आवाजात. "सर, तुमच्या लॉकचा नंबर बंद केलेल्या यादीत दिसतोय. तो एकाच वेळी दोन ठिकाणी चालू होता."

"लॉक माझ्या हातात आहे," मी म्हणालो. "आत्ता. डाव्या."

"हो सर, पण सिस्टिममध्ये तसं दिसतंय. कोणीतरी कॉपी केलं असेल. किंवा तुम्ही कोणाला दिलं असेल."

म्हणजे मी चोर. आयुष्यात सरळ मार्गाने घेतलेलं एकमेव सॉफ्टवेअर, त्यात मी चोर. पण खरं सांगतो, चोर ठरल्याचा इतका आनंद कोणाला झाला नसेल. कारण याचा अर्थ पाण्याचा काही संबंध नव्हता. नंबर कंपनीने बंद केला होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकल काढून घरी आलो.

आप्पा ओट्यावर बसून तूर निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुपातून नजर उचलली नाही.

"फोनवर पानीना चहा कया तुनी," ते म्हणाले. "आते माले बी तसंच सांगी ऱ्हायना."

 त्यांच्यासमोरच मी पाण्याचा चहा केला होता, आणि तोही त्यांना वाचवायला. आता खरं सांगत होतो तर तेही त्यांच्यासाठी रचलेलं वाटत होतं. मग मी म्हटलं, माझ्या तोंडून नको, कंपनीच्या तोंडून ऐका. तिथेच ओट्यावर फोन स्पीकरवर टाकला. गाणं वाजलं. आप्पांनी सूप बाजूला ठेवलं, कान पुढे केला. या वेळी एक तिसराच मुलगा आला. मी नंबर वाचून दाखवला आणि म्हणालो, हा नंबर तुम्ही बंद केलाय, एवढंच परत एकदा सांगा.

"तशी काही नोंद दिसत नाही, सर," तो म्हणाला. "नंबर चालू आहे. पाणी लागलंय का त्याला? बहुतेक पाण्यानेच गेलं असेल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मान हलवली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी फोनवर त्या मुलाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शेवटपर्यंत सर म्हणत राहिला.

झेरॉक्सवाल्याचं मत आणखी वेगळं. तो म्हणाला, विंडोज स्वतःच्या मनाने रात्रीतून काहीतरी बदलतं, मग जुनी लॉकं ओळखत नाही, त्यात पाणी नाही आणि यादीही नाही. मी तीन कारणं घेऊन बसलो होतो आणि तिन्ही खरी वाटत होती. नंबर बंद झाला असेल तर नेमका दसऱ्यालाच? पाणी आत गेलं असेल तर दिवा कसा? आजही कोणी मला शपथेवर विचारलं तर मी सांगू शकणार नाही.

कोरीटची पत्रिका मी शेवटी इंटरनेटवरून एक फुकटचा फॉन्ट उतरवून घेऊन पहिल्यापासून पुन्हा जुळवली. एकेक नाव, एकेक गाव. चुलत्यांना वर नेलं. शेतकरी प्रूफ बघायला आले, कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "आप्पास्नी देखं का?"

"आप्पा घरी आहेत."

"मंग त्यास्ले दखाडी ल्या. तवलग छापू नका."

आप्पांनी पाहिल्याशिवाय छापू नका म्हणाले. त्यांच्या घरातल्या सगळ्या पत्रिका आप्पांच्या नजरेखालून गेल्या होत्या, त्यांना दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता. मी प्रूफ घरी नेलं. आप्पांनी आढेवेढे घेतले, पण गिऱ्हाइकाने सांगितलंय म्हटल्यावर चष्म्याची डबी काढली. पेन्सिलीने दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एका गावाचं नाव बदललं. मग ते अक्षराकडेच बघत बसले.

"हाई अक्षर कोनं शे?"

"फुकटचं आहे," मी म्हणालो. "कोणीतरी तयार करून ठेवलंय, कोणीही वापरा म्हणून. चोरीचं नाही."

"लॉक नही?"

"नाही."

"मंग आपले कसाले लागे लॉक?"

 एकाने अक्षर बनवलं आणि वाटून टाकलं, दुसऱ्याने बनवलं आणि त्याला कुलूप घातलं, आणि दोघांचं मराठी सारखंच वाचता येतं. मी म्हणालो, आपल्या जुन्या फाइली त्यातच आहेत ना. ते खरंही होतं. आप्पांनी प्रूफ माझ्या हातात दिलं. दुकानात चला म्हटलं, तर म्हणाले, "मन्हा हात आते मशीनले नको लागाले." मी हसण्यावारी नेलं, पण ते गंभीरपणे बोलत होते. त्या सबंध लग्नसराईत प्रूफं डब्याच्या पिशवीतून घरी जात राहिली आणि काउंटरची खुर्ची रिकामी. गिऱ्हाइकं आधी आप्पा कोठे विचारायची, मग पत्रिकेचं बोलायची.

पुढे कंपनीने एकदाचं ऐकलं. कोणाच्या कृपेने, ते त्यांनाच माहीत. एक दिवस ईमेल आला की जुनी लॉकं आम्ही बंदच करतोय, तुम्हाला नवीन आवृत्ती देतो. तिला लॉक नाही. ती उघडताना कंपनीला इंटरनेटवरून विचारते की हा माणूस खरा का, मग माझ्या मोबाइलवर आकडे येतात, ते टाकले की मी खरा ठरतो. नेट गेलं की मी पुन्हा संशयित. जुनं लॉक परत द्या असं कोणी म्हटलं नाही. ते कुठे पडलं मलाही आठवत नव्हतं. जुन्या फाइली मात्र उघडल्या, सगळी नावं जागच्या जागी होती.

यंदा खंडेनवमीला मी आप्पांना म्हणालो, पूजा तुम्हीच करायची, मला मंत्र येत नाहीत. आले. खूप दिवसांनी काउंटरच्या आत आले. या वेळी त्यांनी काहीच धुतलं नाही. कटिंग मशीन कोरड्या फडक्याने पुसलं. कॉम्प्युटरला तर त्यांनी हातच लावला नाही, लांबूनच अक्षता टाकल्या. मग विचारलं, "नवं लॉक कोठे शे?"

"नवीन लॉकच नाही, आप्पा. आता सगळं नेटवर."

"मंग हळद कसाले लावू?"

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढली. जुन्या पत्रिकेच्या कागदात गुंडाळलेलं लॉक. ओट्यावरून कंपनीला फोन केला त्या दिवशी मी ते तिथेच विसरलो असेन, त्यांनी कधी उचललं कोण जाणे. वर्षभर त्यांनी ते सांभाळलं होतं.

"एक डाव लायी देख," ते म्हणाले. एकदा लावून बघ.

टेबलाखाली नाही, मी ते पुढच्या खाचेत खोचलं, आप्पांच्या डोळ्यांसमोर. लाल दिवा लागला. आप्पा वाकले, गुडघ्यावर हात ठेवून जवळून पाहिलं. दिवा जळत होता.

"जित्तं शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "म्हंजे मन्हाघाई नही व्हयनं."

दिवा लागणं म्हणजे वीज पोचते एवढंच, हे मला फोनवरच्या त्या बाईंनी सांगितलं होतं. आप्पांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

"तुमच्यामुळे नाहीच," मी म्हणालो.

त्यांनी लॉक माझ्याकडून मागून घेतलं, ताम्हणाशेजारी पाटावर ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं. मग बोटं ताम्हणात बुडवून त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं, आणि मी उदबत्ती लावायला काडेपेटी शोधू लागलो.